ॲव्हरेज चौदावरून साडेसतरावर : साताऱ्यातल्या एका गॅरेजचा अनुभव

साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूर, वाई, मेढा अशी रोजची ये-जा स्वतःच्या गाडीने करणारे शिक्षक, नर्स, तलाठी, ग्रामसेवक खूप आहेत. मी त्यातलीच एक. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शाळा कोरेगावच्या पुढे आणि घर शाहूपुरीत, म्हणजे जाऊन-येऊन ५२ किलोमीटर. पगारातले किती पैसे पेट्रोलला जातात हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण गाडी लिटरला नेमकी किती चालते असं विचारलं, की बहुतेक जण अंदाजाने आकडा सांगतात. माझ्याकडे अंदाज नव्हता, वही होती. तरीसुद्धा दीड वर्ष मी दर महिन्याला पंधरा-सोळाशे रुपये जास्त घालवत राहिले. त्या वहीचं काय करायचं ते ज्यांना कळलं, त्या गॅरेजबद्दल हे लिहिते आहे.

गॅरेज एमआयडीसीच्या बाजूला, एका वजनकाट्याशेजारी आहे. बोर्डवरचा रंग उडालाय, ‘ऑटो’ एवढंच वाचता येतं. पुढे पत्र्याची शेड, आत एक खड्डा, दोन मुलं हाताखाली आणि मिस्त्री. त्यांना सगळे मामाच म्हणतात, मीही तेच म्हणते.

आधी वहीचं सांगते. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. एसटीत डिझेलचा हिशेब केपीटीएलमध्ये असतो, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. डेपोत प्रत्येक गाडीचा आकडा निघायचा आणि अप्पांना आपल्या गाडीचा आकडा घसरलेला अजिबात खपायचा नाही. २०१७ साली मी वॅगनआर घेतली, तेव्हा पेढ्यांच्या बॉक्सबरोबर त्यांनी मला एक दोनशेपानी वही दिली. पहिल्या पानावर स्वतः रकाने आखून दिले होते : तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये.

पद्धत साधी आहे, पण ती काटेकोर पाळली तरच उपयोग. टाकी एकदा पूर्ण भरायची. पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की तिथेच थांबायचं, वरून अर्धा-पाव लिटर ठासून भरायचा नाही. किलोमीटर लिहायचे. मग तीनचारशे किलोमीटर चालवून, जमलं तर त्याच पंपावर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं. दुसऱ्यांदा जेवढे लिटर बसले, तेवढेच मधल्या अंतराला लागले. भागाकार करायचा. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, लागोपाठ तीन टाक्यांची सरासरी धरायची. डॅशबोर्डवरचा आकडा बघून समाधान मानणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच.

या वहीप्रमाणे २०२१-२२ मध्ये माझी गाडी लिटरला सरासरी १८.७ देत होती. रस्ता तोच, म्हणजे माहुलीचा कृष्णेचा पूल, त्रिपुटी, कोरेगाव. चालवणारी मीच, वेग साठ-पासष्टच्या पुढे क्वचितच. गेल्या नोव्हेंबरात तीन टाक्यांची सरासरी आली १४.२.

मधल्या काळात मी गप्प बसले नव्हते. एका ठिकाणी ‘इंजेक्टर क्लिनिंग, थ्रॉटल बॉडी, इंजिन फ्लश’ असं ३,८०० रुपयांचं पॅकेज केलं. आकडा १४.० वरून १४.२. दुसऱ्या ठिकाणी ऐकायला मिळालं, ‘मॅडम, लाखाच्या वर पळालीय, आता एवढंच देणार.’ घरातल्या एकांनी पेट्रोलच्या पाइपला बसवायचं लोहचुंबक ऑनलाइन मागवून बसवलं. तेही झालं. या कुठल्याच ठिकाणी कुणी वही उघडून बघितली नाही. मी ती पुढे करायचे आणि समोरचा माणूस हसून बॉनेट उघडायचा.

मामांना मी सांगितलं, ‘ॲव्हरेज पडलंय.’ त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘कितीवरनं कितीवर?’ दुसरा, ‘कशावरनं म्हणता?’ मी वही दिली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि स्टुलावर बसून पानं मागे-मागे उलटत गेले. दहा मिनिटं तरी वाचत होते. मग एका पानावर बोट ठेवलं. २०२४ चा मे महिना. त्याच्या आधीच्या टाक्या १७.९, १७.६, १७.८. पुढच्या १५.८, १५.५, आणि मग हळूहळू खाली.

‘मे महिन्यात काय झालं हुतं गाडीला?’

मला आठवावंच लागलं नाही. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला गाडी तापली होती. सासूबाई बरोबर होत्या, दुपारचे दोन वाजले होते, बॉनेटमधून वाफ येत होती. टोइंग करून गाडी जवळच्या एका गॅरेजात नेली. त्यांनी पाण्याचा फाटलेला होज (रबरी पाइप) बदलला आणि सांगितलं, ‘आता कधीच तापणार नाही, बंदोबस्त केलाय.’ आणि खरंच त्यानंतर गाडी कधी तापली नाही.

मामांचा पुढचा प्रश्न मला त्या क्षणी अगदी असंबद्ध वाटला होता. ‘पावसाळ्यात हीटर लावल्यावर काच लगेच सुकती का?’

नाही सुकत. दोन पावसाळे मी यवतेश्वरच्या घाटात धुक्यात काच फडक्याने पुसत गाडी चालवली आहे. हीटर कोमट हवा टाकायचा. हीटर बिघडलाय असं मी धरून चालले होते आणि साताऱ्यात हीटर लागतो किती दिवस, म्हणून ते काम मागे टाकलं होतं.

त्यांनी स्टिअरिंगच्या खाली एक काडेपेटीएवढं यंत्र खोचलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. त्यावर इंजिनच्या पाण्याचं तापमान दिसत होतं. गाडी शेडमध्ये उभी, इंजिन चालू, आकडा ७४. मग म्हणाले, चला. कोरेगाव रस्त्याला आम्ही सात-आठ किलोमीटर जाऊन आलो. मी चालवत होते, त्यांचा मुलगा मागे बसून आकडा मोठ्याने वाचत होता. सत्तर. सहासष्ट. त्रेसष्ट. एकसष्ट. गाडी पळायला लागली की इंजिन गार पडत होतं.

‘हितं सगळे चुकत्यात बघा,’ मामा म्हणाले. ‘उभ्या गाडीवर बघत्यात. उभी असली की तापती थोडी, समदं बरोबर वाटतं. पळवल्याबिगर कळत न्हाय.’

परत येऊन त्यांनी इंजिनवरचं एक घर उघडलं. त्यात थर्मोस्टॅट असायला हवा होता. घर रिकामं होतं. ‘बंदोबस्त’ म्हणजे हा. खंबाटकीच्या त्या दिवशी तो काढून टाकला होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे आपल्याकडे सर्रास होतं असं नंतर चौकशी केल्यावर कळलं, म्हणून नीट सांगते. थर्मोस्टॅट ही एक छोटी झडप असते, आत मेण भरलेली. इंजिन गार असताना ती बंद असते, त्यामुळे पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ऐंशी ते नव्वद अंशांच्या दरम्यान मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जायला लागतं. ती काढून टाकली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. मामांच्या भाषेत, ‘आधणाचं पातेलं वाहत्या नळाखाली धरायचं आन् खाली जाळ वाढवत बसायचं.’

आणि जाळ खरोखरच वाढतो. आजच्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यासाठी तो पाण्याचं तापमान बघतो. गार इंजिनला जास्त पेट्रोल लागतं, कारण गार भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. पूर्वी चोक ओढायचे ते याचसाठी. माझ्या गाडीचा कॉम्प्युटर दीड वर्ष समजत होता की इंजिन अजून पुरतं गरम झालेलं नाही. तो प्रामाणिकपणे जास्त पेट्रोल सोडत होता. शिवाय गार इंजिनात ऑइल दाट राहतं, त्यामुळे फिरायलाही जोर जास्त लागतो आणि न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते खराब होतं ते वेगळंच.

मामांनी पीयूसीच्या जुन्या पावत्याही मागितल्या. माझ्याकडे होत्या. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आधी ०.०८ टक्के होता, शेवटच्या पावतीवर ०.२४. बीएस-४ (धुराच्या नियमांचा चौथा टप्पा) पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ ची, म्हणून दोन्ही वेळा ‘पास’. ‘पास झाली म्हंजी बरोबर हाय असं न्हाय,’ हे त्यांचं वाक्य मला शिक्षक म्हणून जास्तच लागलं. काठावर पास झालेल्या मुलाचं काय अडलंय ते बघावं लागतं, हे मी रोज करते. पावत्या मात्र फाइलला लावून विसरून गेले होते.

त्या दिवशी त्यांनी नवीन थर्मोस्टॅट बसवला, त्याची रिंग बदलली, जुनं गढूळ कूलंट (इंजिन गार ठेवणारं ते पाणी) काढून नवं भरलं आणि रेडिएटरचा पंखा आपोआप लागतो का ते दोनदा तपासलं. ते तपासणं महत्त्वाचं होतं, कारण झडप परत बसवली आणि पंखा नादुरुस्त असला तर गाडी पुन्हा तापली असती. परत त्याच रस्त्याने गेलो. ८६, ८७, ८६. हीटर लावला तर पाय भाजतील अशी हवा. मला इतका आनंद झाला की मी डिसेंबरच्या दुपारी हीटर लावूनच घरी गेले.

बिल झालं १,५६० रुपये. थर्मोस्टॅट ६२०, रिंग ६०, कूलंट ४८०, मजुरी ४००.

मी म्हटलं, ब्रेक, प्लग, ऑइल सगळंच करून टाका. ते नको म्हणाले. ‘एकदम समदं बदललं तर कशानं फरक पडला ते तुमच्या वहीला कळणार न्हाय. तीन टाक्या भरा, मग या.’ फक्त हवा भरून दिली, कारण तिला पैसे पडत नाहीत. गिऱ्हाईक आपणहून खर्च करायला तयार असताना त्याला परत पाठवणारा मिस्त्री मी पहिल्यांदा बघितला. या लेखातलं एकच वाक्य कुणी लक्षात ठेवणार असेल, तर हे ठेवावं.

हवेचं मात्र मला वाईट वाटलं, कारण ती माझीच चूक. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर किती हवा हवी ते लिहिलेलं असतं. माझ्या गाडीला ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). मागच्या दोन्ही चाकांत २५ आणि २४ निघाली. मी महिन्यातून एकदा पंपावर भरायचे, पण ती गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून, टायर तापल्यावर. तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो, त्यामुळे प्रत्यक्षात हवा कमीच राहायची. आता अडीचशे रुपयांचं गेज घेतलंय आणि दर दुसऱ्या रविवारी सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघते. कमी हवेचा टायर जमिनीला जास्त चिकटतो, दर फेरीला जास्त दबतो आणि ते दाबण्यात पेट्रोल जातं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा आहे की चारही टायरमधला दाब सरासरी एक पीएसआयने कमी झाला तर साधारण ०.२ टक्के ॲव्हरेज पडतं. म्हणजे फरक थोडा. पण टायर कडेने झिजतात तो खर्च मोठा, आणि ओल्या रस्त्यावर गाडी धरत नाही हे त्याहून गंभीर. नायट्रोजन भरू का विचारलं तर मामा म्हणाले, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, दर पंधरा दिवसांनी बघणार असाल तर साधी हवा पुरे.

पुढच्या तीन टाक्या : १५.९, १६.२, १६.१.

जानेवारीच्या मध्यात परत गेले. या वेळी ब्रेक. मामांनी मला गाडी साधारण पाच किलोमीटर चालवून आणायला सांगितली, शक्यतो ब्रेक न वापरता. आल्यावर चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन बघायला सांगितलं. पुढचं डावं चाक गरम होतं, बाकीची तीन जवळजवळ गार. (हात लावायचा नाही, जवळ न्यायचा. अडकलेला ब्रेक चांगलाच भाजतो.) मग गाडी जॅकवर घेतली. पुढचं उजवं चाक हाताने ढकललं की सव्वा-दीड फेरी जायचं, डावं पाव फेरीतच थांबायचं. ब्रेकचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातल्या एकीचं रबर फाटलं होतं. आत चिखल-पाणी जाऊन पिन गंजली होती. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहायचा. म्हणजे रोज ५२ किलोमीटर मी किंचित ब्रेक दाबूनच गाडी चालवत होते. गळीत हंगामात आमच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, कडेच्या साइडपट्टीवर सारखं उतरावं लागतं, तिथला चिखल चाकांत बसतो. या रस्त्याने जाणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी पिना साफ करून ग्रीस लावून घ्यावं. ग्रीस ब्रेकसाठीचंच हवं, साधं नाही, साध्याने रबर फुगतं.

हँडब्रेकची केबलही जास्त ताणलेली होती, ती दोन आटे सैल केली.

ऑइलच्या बाबतीत मामांनी कॅनवरचा नंबर मला वाचायला लावला. माझ्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आहे. आधीच्या वर्षी ‘गाडी जुनी आहे, जाड ऑइल बरं’ म्हणून २०डब्ल्यू-४० भरलं गेलं होतं. जाड ऑइलने इंजिनला फिरायला जड जातं. योग्य नंबरच्या ऑइलने एखाद-दोन टक्क्यांचाच फरक पडतो, पण तो फुकट मिळतो, कारण ऑइल तर बदलायचंच असतं. तीन प्लग काढले, तिन्हींची टोकं काळी, कोरड्या काजळीने भरलेली. ही जास्त पेट्रोलची खूण. टोकांमधली फट, म्हणजे गॅप, गेजने मोजला, वाढलेला होता. प्लग नवे टाकले.

एअर फिल्टर मात्र त्यांनी बदलला नाही, आणि इथे माझी समजूत चुकीची निघाली. मी येतानाच नवा फिल्टर घेऊन आले होते, कारण ‘फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढवा’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो. जुना काढून त्यांनी उजेडात धरला आणि झटकून परत बसवला. म्हणाले, कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना चोंदलेल्या फिल्टरने ॲव्हरेज पडायचं, कारण हवा कमी आली तरी पेट्रोल तेवढंच ओढलं जायचं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी करतो, मग पिकअप पडतो, ॲव्हरेज नाही. मला हे पटेना. घरी येऊन शोधलं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून गाड्या चालवून बघितल्या होत्या आणि निष्कर्ष हाच निघाला होता. फिल्टर वेळेवर बदलायचा तो इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून. मी आणलेला फिल्टर त्यांनी दुकानात परत करायला लावला, पैसे मिळाले.

ते लोहचुंबकही काढून माझ्या हातात दिलं. सध्या ते चौथीच्या वर्गात आहे. मुलं त्याने वाळूतले लोखंडाचे कण वेचतात.

दुसऱ्या खेपेचं बिल : ऑइल आणि ऑइल फिल्टर १,६४०, तीन प्लग ४२०, ब्रेकची रबरं आणि ग्रीस ३१०, मजुरी ७००. एकूण ३,०७०. व्हील अलाइनमेंटचं मशीन मामांकडे नाही, ते दुसरीकडे ३५० ला केलं. दोन्ही खेपा आणि अलाइनमेंट धरून ४,९८० रुपये.

त्यानंतरच्या तीन टाक्या : १७.४, १७.७, १७.६.

महिन्याला माझं साधारण १,२५० किलोमीटर होतं. १४.२ ने ८८ लिटर लागायचं, आता ७१. सतरा लिटर वाचतात. आपल्याकडे लिटरला १०४ च्या आसपास भाव धरला तरी महिन्याला पावणेदोन हजार रुपये. खर्च तीन महिन्यांच्या आत वसूल झाला.

राहता राहिलं ते १८.७ पासून १७.६ पर्यंतचं अंतर. मी मामांना विचारलं, हे कुठे गेलं? ‘ते गाडीत न्हाय, टाकीत हाय,’ असं उत्तर आलं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे की इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी पडतं. माझं अंतर पावणेसहा-सहा टक्क्यांचं, म्हणजे त्याच्या जवळपासच. माझं माहेर उसाचं. त्याच उसाच्या मळीचं, रसाचं इथेनॉल होतं आणि माझ्या भावाच्या ऊसबिलाला त्याने हातभार लागतो हे मला माहीत आहे, म्हणून याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे माहीत असलं पाहिजे. नाहीतर माणूस न बिघडलेल्या गाडीवर पैसे घालत राहतो, आणि गॅरेजवालेही ‘अजून एक पॅकेज करू’ म्हणत राहतात. ‘एवढं परत येणार न्हाय, त्यासाठी पैसं घालू नका,’ असं मामांनी स्पष्ट सांगितलं.

आता गैरसोयी, कारण त्या आहेत आणि त्या माहीत असूनच जायला हवं.

सांगितलेल्या वेळेला गाडी मिळत नाही. दुसऱ्या खेपेला चारचा शब्द होता, मिळाली सव्वासातला. काम घाईत उरकत नाहीत हे बरोबर, पण मग चारचा शब्द देऊ नये. मी त्यांना हे सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. फोन उचलत नाहीत, हात ऑइलचे असतात. बसायला एक स्टूल आणि एक जुनं सीट. बाईमाणसासाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, ही मला सगळ्यात मोठी अडचण वाटली. पहिल्या दिवशी मी चार तास थांबले होते. गाडी सकाळी ठेवून रिक्षाने जाणं बरं. बिल साध्या कागदावर, हाताने लिहिलेलं. पण त्यात प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा आणि जुने पार्ट पिशवीत घालून परत. सीटवर काळा डाग पडला होता, तो मुलाने लगेच पुसून दिला, तरी कव्हर घालून नेलेलं चांगलं. एसीचं आणि वायरिंगचं काम ते घेत नाहीत, सरळ सांगतात.

एक गोष्ट बायकांसाठी. मी एकटी गेले होते. नेहमीचा अनुभव असा, की मिस्त्री माझं ऐकतो आणि मग म्हणतो, ‘साहेबांना फोन लावून द्या.’ गाडी मी चालवते, वही मी लिहिते, पण निर्णय विचारायचा फोनवर. इथे दोन्ही खेपांत असं एकदाही झालं नाही. प्रत्येक काम करण्याआधी मला खड्ड्यापाशी बोलावून दाखवलं, हातात टॉर्च दिला आणि माझ्याच होकाराची वाट बघितली. दुसऱ्या खेपेला शेजारी एक टेम्पोवाले उभे होते, ते मधेच बोलायला लागले, तर मामा म्हणाले, ‘थांबा पाटील, गाडी मॅडमची हाय.’

शाळेतल्या दोघांना मी पाठवलं. एका सरांच्या गाडीत फक्त हवा आणि एक अडकलेला मागचा ड्रम-ब्रेक निघाला, चारशे रुपयांत काम झालं. दुसऱ्या बाईंना त्यांनी गाडी न उघडताच परत पाठवलं, कारण त्यांच्याकडे आकडेच नव्हते. आधी त्यांना राग आला होता. आता त्यांनी वही घातली आहे, दोन टाक्या झाल्या आहेत.

रविवारी गॅरेज बंद असतं. सकाळी दहाच्या आत गेलात तर मामा स्वतः गाडी बघतात, नंतर गर्दी होते. जाताना लागोपाठ तीन टाक्यांचे आकडे, शेवटच्या दोन पीयूसी पावत्या आणि मागच्या ऑइलच्या कॅनवरचा नंबर घेऊन जा. आणि गाडी कधी घाटात तापली असेल, तर ती तारीखही.